एकाच माणसाचे दोन फॉर्म

धनश्रीबद्दल चांगलं बोलायचं तर मला आधी दोन घोट पाणी प्यावं लागतं. ती माझी धाकटी जाऊ, दीर रामदासची बायको. सोळा वर्षांपूर्वी पारोळ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सुरतच्या भेस्तानला आली तेव्हा नववी शिकलेली होती, आणि ट्रंकेत चार साड्या नि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, एक डबा होता. मी बी.ए. झालेली, थोरली, तिच्याआधी अकरा वर्षं या घरात आलेली. म्हणजे मान माझा. पण मान वेगळा आणि माया वेगळी, हे मला या बाईनं शिकवलं. शिकवणी मी मागितली नव्हती.

सासूबाईंनी शेवटचं पाणी तिच्या हातून घेतलं. माझी स्वतःची मुलगी राखी कॉलेजात एका विषयात राहिली, तर ते आधी काकूला जाऊन सांगितलं. मला आठ दिवसांनी कळलं, तेही काकूनंच समजूत घालून पाठवलं म्हणून. तेच कळण्याचं पीठ, तोच तवा, तोच गॅस, तरी माझी भाकरी पानात पडली की घरातलं कोणीतरी विचारतंच, "आज धनश्री नाही का?" अशा वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. होतो तर होतो, खोटं कशाला बोलू?

घर एकच. खाली आम्ही, वर ते, स्वयंपाकघर खालचं, दोघींचं मिळून. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक पडदा. तो पडदा महत्त्वाचा. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडत नाही. डोक्यावर पदर घेऊन बाजूला होते. जेठाला काही सांगायचं तर लेकरांच्या तोंडून, नाहीतर माझ्या. राखीचे पप्पा, म्हणजे आमचे हे, हेमराज, धनश्रीचे जेठ. सोळा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांशी समोरासमोर एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नाही. घरात निदान एक माणूस तरी असं होतं की जे तिच्याशी बोलत नव्हतं, याचं मला फार बरं वाटायचं.

मागच्या वर्षी एका मेडिकल कॉलेजच्या जागृती मॅडम आमच्या भागात आल्या. त्यांचा अभ्यास होता लूमच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावरच्या, कारीगरांवर. बारा बारा तासांची पाळी, पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रातची. पाळी बदलली की शरीराला कळत नाही आता झोपायचं की उठायचं. कानात लूमची खटखट वाजतच राहते. मग माणसं मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या घेतात, कोणी गांजा ओढतात, आणि काही जण दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचीच मॅडमना काळजी होती. अर्धवट गुंगीत मशीनवर उभं राहिलं की हात जातो. किती माणसं काय घेतात, कधीपासून, कोणाला सांगतात, हे त्यांना कागदावर हवं होतं.

खानदेशी माणसांशी बोलायला त्यांना खानदेशी बाई पाहिजे होती, शिकलेली. मी मिळाले. गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर पिशवी, पिशवीत फॉर्मचा गठ्ठा आणि वजनाचा काटा. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. बाकी जन्मसाल, गावाकडचा तालुका, सुरतला कधी आलात, कामावर कुठं इजा झाली का, वजन, आणि मग ते प्रश्न. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एक फॉर्म खोटो निकळ्यो, तो काम बंध." मी म्हटलं, मॅडम, मी खोटं कशाला लिहीन?

मी चळवळीतल्या बाईसारखी उत्साहानं घरी आले. जेवताना सगळ्यांना सांगितलं, एकेकाला विचारायचं आहे, कोणालाही सोडायचं नाही. दोन दिवस कागद नीट लावण्यात गेले. मग फॉर्म कसा भरायचा त्याचा सराव म्हणून नंबर एकचा फॉर्म मी स्वयंपाकघराच्या ओट्यावरच भरला, राखीच्या पप्पांचा. जन्मसाल बहात्तर, तालुका पारोळा, नव्वद साली सुरतला, कडोदऱ्याच्या कारखान्यात मास्टर, म्हणजे बिघडलेल्या लूम दुरुस्त करणारा. डाव्या करंगळीचं पेर मशीनमध्ये गेलेलं. वजन एकाहत्तर. झोपेची गोळी? नाही. गांजा? नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? सत्तावीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याची झोप मला माहीत नाही? उलट मी अख्ख्या गल्लीत सांगत असायचे, आमचे हे उशीला डोकं टेकलं की घोरायला लागतात, दिवस असो की रात. संध्याकाळी यांनाही सांगून टाकलं, तुमचा फॉर्म भरून झाला. ते "बरं" म्हणाले.

पुढचे पस्तीस फॉर्मही तसेच निघाले. गोळी नाही, गांजा नाही, झोप छान. कारखान्याच्या दारात मी विचारायचे, माणूस माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचायचा, मग माझ्या डोळ्यांत बघायचा आणि "नाही" म्हणायचा. गांजा शब्द काढला की चार पावलं मागं सरकायचा, मी पोलिसांची माणूस असल्यासारखं. मॅडम गठ्ठा चाळून म्हणाल्या, रंजनाबेन, अख्खं सुरत देवमाणसांचं आहे वाटतं. मला राग आला.

त्याच आठवड्यात मॅडम आमच्या घरी जेवायला थांबल्या. मी बोलावलं होतं. वांग्याचं भरीत मात्र धनश्रीनं केलं होतं, दुर्दैव माझं. धनश्री सव्वीस कारीगरांना डबे देते. मॅडमनी सहज विचारलं, तुमची डब्याची माणसं झोपतात कशी? ती भाकरी थापताथापता म्हणाली, "पाळी बदलनी का दोन दिन त्यास्ना डबा तसाच येस माघारी. जो गोयी खास, तो सकायमां जेवत नही. जो पुडी ओढस, तो दोन डबा मांगस." म्हणजे गोळी घेणारा सकाळी जेवत नाही, आणि गांजाची पुडी ओढणारा दुप्पट मागतो, हे मॅडमना हिंदीत मीच सांगितलं. मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून धनश्रीच्या गळ्यातही ओळखपत्र. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

तिची रीत ऐका. ती कारखान्याच्या दारात जायचीच नाही. रातपाळीची माणसं सकाळी खोलीवर येऊन हातपाय धुऊन बसली की ती डबे घेऊन जायची. ओळखपत्र ब्लाउजच्या आत. सोबत पावशेर मेथी नाहीतर सुपात तांदूळ. माणसाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायची, मेथी निवडत. फॉर्म मांडीवर, पदराखाली. आणि पहिला प्रश्न गोळीचा नाहीच. "पाळी बदलस ना, त्या पहिला दिन झोप कशी लागस रे भाऊ?" आणि मेथीच्या काड्या मोडत राहायची.

एकदा मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. एक चाळिशीचा कारीगर, माझ्याच यादीतला, मला ठाम "नाही" म्हटलेला. तो तिच्या पाठीला सांगत होता, "लागस कोठे, बाई? लावनी पडस." लागत नाही, लावावी लागते. आणि मग जो सुरू झाला तो थांबेना. आधी अर्धी गोळी, मग एक, मग दोन. गोळीनं डोळा लागतो पण उतरताना अंग जड होतं, म्हणून कामावर जाण्याआधी चिलीम. चिलमीनं डोकं गरगरतं म्हणून घरी येऊन परत गोळी. ती एकदाही "अरे देवा" म्हणाली नाही, एकदाही वळली नाही. फक्त विचारलं, "आनि मंग?"

ती बाहेर आली तशी मी तिला फाडकन विचारलं, ही भिंतीकडे बघायची नाटकं कुठं शिकलीस? ती म्हणाली, "नाटक नही, ताई. जेठ सामने ऱ्हातस तवय मी अशीच बसस. मानूस तोंड फिराई बठना का समोरलाले सोपं जास." म्हणजे आपण तोंड फिरवून बसलो की समोरच्याला बोलणं सोपं जातं. घरात लाजेपायी जे केलं, ते ही बाई बाहेर कामाला लावत होती, आणि त्याला मॅडम म्हणत होत्या उत्तम पद्धत! मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, मेथी घेऊन जा. मी बी.ए. झालेली बाई, माझ्या पिशवीत मेथी. मी नेली, माझी मेथी निवडून झाली, समोरचा माणूस तोवर झोपून गेला.

तिचे फॉर्म वाढत गेले, माझा जीव वर-खाली होत गेला. त्यात मॅडमनी सांगितलं की अभ्यास अजून दोन वर्षं चालणार, पण पगारी सुपरवायझर एकच ठेवणार. मला ती जागा हवी होती. पगारासाठी हवी होती, आणि त्याहून जास्त या घरात एक तरी गोष्ट अशी असावी जी मला मिळाली आणि तिला नाही, यासाठी हवी होती. सासूबाई गेल्या, पोरगी गेली, भाकरी गेली. ही जागा जाऊ द्यायची नव्हती.

आणि मग एका दुपारी मॅडमनी आम्हा दोघींना भेस्तानच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. एक नंबर एकचा, माझ्या अक्षरातला. दुसरा एकशे चौदाचा, धनश्रीच्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरातला.

"आ बे फॉर्म जुओ," मॅडम म्हणाल्या, हे दोन फॉर्म बघा. कॉम्प्युटरनं पकडलं होतं. जन्मसाल तेच, तालुका तोच, सुरतला आल्याचं साल तेच, डाव्या करंगळीचं पेर तेच. एकच माणूस. माणूस दोघींना दोन उत्तरं देऊ शकतो, ते मॅडमना मान्य होतं. पण वजन? माझ्या फॉर्ममध्ये एकाहत्तर, धनश्रीच्या फॉर्ममध्ये अठ्ठावन्न. मध्ये फक्त तीन आठवडे. "तीन हफ्ते में तेरह किलो? एक फॉर्म घर बैठके भरा है."

मी एकशे चौदा नंबरचा फॉर्म उचलला. झोपेची गोळी: होय, आठ वर्षांपासून, आता रोज दोन. गांजा: होय, पाच वर्षं, कामावर जेवणाच्या सुट्टीत. गोळीशिवाय किती तास झोप लागते: एक, कधी तेवढीही नाही. घरात कोणाला माहीत आहे: कोणाला नाही. त्याखाली धनश्रीनं एक ओळ जास्तीची लिहिली होती, फॉर्ममध्ये तिला जागा नव्हती, समासात आडवी: बायकोला वाटतं मला छान झोप लागते, तिचा तो आनंद घालवावासा वाटत नाही.

आठ वर्षं. गल्लीत मिरवत होते ते घोरणं गोळ्यांचं होतं. आणि अठ्ठावन्न किलो! याच माणसाच्या शर्टाच्या बाह्या मी रोज वाळत घालत होते, पँट कमरेला चुणून शिवून दिली होती, आणि मला कधी वाटलं नाही की आतला माणूस कुठं चालला. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर दिवाच नव्हता. पण खरं सांगू? त्या क्षणी मला त्यांच्या तब्येतीची काळजी नंतर वाटली. आधी जे वाटलं ते हे, की यांनी तिला सांगितलं. तिला! सोळा वर्षं जिच्याशी शब्द नाही, तिला.

मॅडम म्हणाल्या, सोपं आहे, त्या माणसाला इथं घेऊन या, काट्यावर उभा करू. जिच्या फॉर्ममधलं वजन बरोबर, ती राहील.

धनश्री म्हणाली, "नहीं मॅडम. आदमी नहीं लाऊंगी. उसको बोला है, किसी को पता नहीं चलेगा."

"तो फिर तेरा फॉर्म झूठा मानना पडेगा," मॅडम म्हणाल्या.

"चलेगा," ती म्हणाली. पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्याकडे एक नजर टाकली असती तर काय झालं असतं? नाही टाकली. तिला सगळं कळलं होतं. पहिला फॉर्म कोणी, कुठं बसून भरला, हे तिला माझ्याइतकंच कळलं होतं.

मला फक्त गप्प बसायचं होतं. तोंडातून एक शब्द न काढता ती जागा माझी होत होती. शर्यत संपली होती, मी जिंकले होते. पण तेव्हा मला दिसलं, ही बाई आता माझ्या नवऱ्याचं गुपित जपायला नोकरी सोडणार. माझ्या नवऱ्याचं! म्हणजे त्यांच्यासाठी झिजल्याचं पुण्यही हीच नेणार, आणि मी जन्मभर तिच्या त्या न सांगितलेल्या उपकाराखाली भाकरी थापत राहणार. एवढं मला सहन होणार नव्हतं. चांगुलपणा वगैरे काही नाही, हेवा होता, निव्वळ हेवा.

"मॅडम, पहला फॉर्म झूठा है," मी म्हणाले. "मैंने रसोई में बैठके भरा. वो आदमी मेरा घरवाला है. उसको पूछा ही नहीं."

धनश्रीनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेही आवडलं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. माझं ओळखपत्र मागून घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं. माझे सगळेच फॉर्म आता परत तपासावे लागणार म्हणाल्या. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून समजावलं, घरी जाऊन गोळ्या फेकून देऊ नका. आठ वर्षांची सवय एका दिवसात तोडली तर माणसाला झटके येऊ शकतात. ओपीडीत आणा, हळूहळू कमी करू. मी मान हलवली. तरी घरी जाताना रस्ताभर माझ्या डोक्यात तोच बेत चालला होता, गोळ्या शोधायच्या आणि गटारात टाकायच्या.

त्या संध्याकाळी हे दिवसपाळीहून आले. धनश्री वर निघून गेली, राखीलाही घेऊन गेली. मी चहा ठेवला. यांनी शर्ट खुंटीला लावला आणि मी पहिल्यांदा बघितल्यासारखी त्यांची पाठ बघितली. मणके मोजता आले असते.

माझ्या तोंडून रागच आला. रडण्यापेक्षा तो मला लवकर येतो. म्हटलं, सगळं कळलंय मला. तुम्हाला सांगायला घरात तीच सापडली? सत्तावीस वर्षं मी काय भिंत होते?

ते खाली बसले. मग म्हणाले, "मी तिले सांगाले गऊ नव्हतू. तू कडोदराले गयेल व्हती. ती पडदाना तिकडे दाय निवडी राह्यनी व्हती. मीच इकडथाईन सांगं, मन्हा बी फारम भर." म्हणजे पडद्याच्या अलीकडून यांनीच तिला म्हटलं होतं, माझाही फॉर्म भर. वजनाचा काटा तिनं पडद्याखालून सरकवला होता, आकडा यांनीच वाचून सांगितला होता.

"पण तुमचा फॉर्म तर मी भरला होता," मी म्हणाले.

"हाऊ," ते म्हणाले. "तू जेवताना सांगं ना, येकयेकले इचारनं शे. मी म्हनं, आते मन्हा बी लंबर येई. आते सांगी टाकसू. मी दोन दिन वाट पाही, रंजना. मंग तू सांगं, तुम्हना भरी टाका."

माझाही नंबर येईल, तेव्हा सांगून टाकू, म्हणून हा माणूस दोन दिवस माझ्या विचारण्याची वाट बघत होता, आणि मी येऊन सांगितलं, तुमचा भरून टाकला. आठ वर्षांत जे जमलं नाही त्यासाठी त्यानं मनाची तयारी केली होती, आणि ती माझ्यासाठी केली होती. तिच्यासाठी नाही.

ते दोन दिवस मला चांगले आठवतात. मी बाहेरच्या खोलीत फॉर्मचे गठ्ठे पसरून नंबर टाकत बसले होते. दोन्ही संध्याकाळी हे चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसले होते, चहा निवून गेला तरी बसून होते. आणि मी मान वर न करता म्हणाले होते, कोपर काढा, कागदांवर चहा सांडेल.